भोयर मास्तरांचा ‘र’

माझा मुलगा ऊर्जानगरला क्वार्टरमध्ये राहतो. दिवाळीत त्याच्याकडे गेलो की मला काही काम नसतं. नातवंडं मैदानात, सून स्वयंपाकात, आणि मी रेडिओची खुंटी पिळत खुर्चीत. असाच एकदा विलायतेचा कुठलासा कार्यक्रम लागला. एक म्हातारा बोलत होता. काय बोलत होता ते मला फारसं कळलं नाही, कारण मी नागोसे, ड्रॉइंग मास्तर माणूस, माझं इंग्रजी रबर आणि पेन्सिलीच्या पलीकडे कधी गेलंच नाही. पण त्याचा ‘र’ कानावर पडला आणि मी हातातली बशी खाली ठेवली.

मुलगा म्हणाला, “बाबा, बंद करा ना ते. त्याले इंग्रजी नीट येत नाई वाटते. आपल्या इकडचाच कोनी असन.”

“गप रे,” मी म्हणालो. “आमचा भोयर मास्तर बोलून राह्यला.”

तो माझ्याकडे पाहतच राहिला. बरोबरच आहे, भोयर मास्तरांना जाऊन तेव्हा पुष्कळ वर्षं लोटली होती. त्याला वाटलं असेल म्हातारा आता बरळायला लागला. म्हटलं, लिहूनच ठेवावं.

नामदेव भोयर आमच्या बल्लारपूरच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे, पण आठवीपर्यंतच. मॅट्रिकचा वर्ग त्यांना कधी मिळाला नव्हता, आणि तो एकदा मिळावा, ही त्या माणसाची जन्माची इच्छा होती. आज हे ऐकून हसू येईल. पण त्या काळात मॅट्रिकला इंग्रजी शिकवणारा मास्तर रस्त्यानं निघाला की दुकानदार गल्ल्यावरून उठून नमस्कार करत. आठवीच्या मास्तराला फक्त “काय मास्तर, कसं काय” एवढंच मिळायचं.

अंगानं वाळलेला, उंच, बांबूच्या फोकासारखा माणूस. अंगात बंद गळ्याचा काळा कोट, बारा महिने. चांद्याच्या वैशाखात माणसाला अंगावर बनियन नको वाटते, आणि हे कोटाची सगळी बटणं लावून, घाम पुसत, वर्गात उभे. मी एकदा म्हटलं, “भाऊ, जीव जाईन ना तुमचा.” तर म्हणाले, “जाऊ दे. कोटात गेला त बरा दिसन.”

त्यांचा एक पितळी लोटा होता. तो स्टाफरूमच्या खिडकीत भरून ठेवलेला असायचा. इंग्रजीच्या तासाची घंटा झाली की ते उठत, खिडकीतून मान बाहेर काढून खळखळून चूळ भरत, रुमालानं ओठ टिपत आणि मग वर्गावर जात. मी नवीन होतो तेव्हा विचारलं, दात दुखतात का. म्हणाले, “नाई गा. आतापर्यंत झाडी बोलत होतो ना तुमच्यासंगं. उष्ट्या तोंडानं साहेबाची भाषा बोलू नोये.”

ते मूलकडच्या एका खेड्यातले. मीही त्याच बाजूचा. आमची दोघांची बोली एकच, झाडी, मले-तुलेवाली, धानाच्या बांधीतली. स्टाफरूममध्ये ते ती अशी सैल सोडून बोलायचे की ऐकत राहावं. पण वर्गात पाऊल टाकलं की इंग्रजी, नाहीतर पुस्तकातली मराठी. आणि जे स्वतःला तेच पोरांना. वर्गात कुणाच्या तोंडून ‘मले’, ‘काऊन’, ‘कुठी’ निघालं की त्यानं निमूट उठायचं, व्हरांड्यातल्या रांजणावर जायचं, चूळ भरायची आणि परत येऊन वाक्य नव्यानं बोलायचं. छडी नाही, शिवी नाही. फक्त चूळ. उन्हाळ्यात पोरं मुद्दाम झाडी बोलत आणि रांजणावर गर्दी करत. मास्तरांच्या ते लक्षात यायचं. मग ते म्हणत, “आज फारच अशुद्ध झालात तुम्ही,” आणि स्वतःही जाऊन पाणी पिऊन येत.

एका पोरीला मात्र या चुळीचा खरंच जाच होता. मैनी मडावी तिचं नाव. बाप भामरागडकडे जंगल खात्यात गार्ड. पावसाळ्यात तिकडचा रस्ता तुटला की चार-चार महिने बापाची गाठ पडत नसे. रेल्वेत कामाला असलेल्या मामाकडे ठेवलं होतं तिला. घरात गोंडी, गल्लीत झाडी, आणि वर्गात यातलं काहीच चालत नाही. पहिल्या आठवड्यात ती इतक्या वेळा रांजणावर गेली की मग तिनं बोलणंच सोडून दिलं. उत्तर येत असलं तरी मान खाली. मास्तर म्हणायचे, “पोरगी हुशार आहे पण मुकी आहे.” ड्रॉइंग मास्तरानं भाषेत काय बोलावं.

आता त्यांच्या इंग्रजीची गोष्ट सांगतो, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातं.

मास्तरांचे वडील बल्लारपूरजवळच्या एका कोळसा खाणीत साहेबाचे बावर्ची होते. साहेब म्हणजे मॅनेजर नव्हे. मॅनेजर बंगल्यावर असायचा. हा खाली उतरणारा साहेब, मजुरांसंगं काळा होऊन वर येणारा. नाव काहीतरी लांबलचक होतं, मजूर म्हणायचे म्याकी साहेब. स्कॉटलंडचा. एकटा जीव, बायको-लेकरू नाही. तरुण नामदेव त्याचा दिवा घेऊन खाणीत उतरायचा आणि संध्याकाळी त्याच्या व्हरांड्यात बसून त्याच्या मुलखाची शिळी वर्तमानपत्रं मोठ्यानं वाचून दाखवायचा. चुकला की साहेब खुर्चीच्या दांडीवर पाइप आपटायचा, बरोबर आलं की काहीच म्हणायचा नाही. पुढं भोयर शिकले, मास्तर झाले, लग्न झालं, तरी रविवारची संध्याकाळ साहेबाच्या व्हरांड्यातच. स्वातंत्र्य आलं त्या वर्षी साहेब मायदेशी निघाला. बल्लारपूरच्या फलाटावर गाडीत चढता चढता त्यानं भोयरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “ये’ल डू, नामा.” म्हणजे, चालशील तू. मास्तर सांगायचे, “त्याच्यापाशी याच्यावरची शाबासकी नोहतीच. आन तेही एकदाच देल्ली.” तो कोटही त्याच दिवशीचा. साहेबानं अंगातला काढून दिलेला.

तर मास्तरांचं इंग्रजी हे म्याकी साहेबाचं इंग्रजी. त्यात ‘र’ असा दळला जायचा की जात्याचा आवाज यावा. ‘गर्र्ल’, ‘वर्र्ल्ड’, ‘गुड मॉर्र्निन’. हो म्हणायचं तर ‘येस’ नाही, ‘आय्’. लहानाला ‘वी’. आमची आठवीची पोरं एकसुरात म्हणायची, “ही इज अ वी बॉय.” गावातले शिकलेले लोक हे ऐकत आणि मिशीत हसत. रेल्वेचा बाबू म्हणायचा, तुमच्या मास्तरांचं इंग्रजी झाडीचं आहे, धानाचा वास येतो. कारण आपल्या लोकांचा ‘र’ही तसाच खणखणीत. त्यामुळे सगळ्यांना वाटे, खेड्यातला माणूस, जीभ वळत नाही, म्हणून र रगडते.

मास्तरांना मात्र या हसण्याचं नवल वाटायचं, राग नाही. त्यांचा हिशेबच निराळा होता. स्टाफरूममध्ये रंगात आले की ते खाणीतल्या तीन साहेबांच्या नकला करून दाखवत. पहिला लंडनकडचा मॅनेजर. ओठ न हलवता, हनुवटी वर करून, “गुड मॉऽनिंग.” दुसरा नकाशे काढणारा वेल्सचा साहेब. तो ‘गुड मॉर्निंग’ असं म्हणायचा की पहिला शब्द डोंगरावर चढायचा आणि दुसरा उतरून यायचा. मास्तर म्हणत, “त्याच्या घरी भांडन झालं तरी शेजाऱ्याले भजन वाटत असन.” आणि तिसरा म्याकी साहेब. त्याची नक्कल ते करत नसत. उभे राहून, कोट नीट करून, साधं बोलत.

“आता याच्यात खरं इंग्रजी कोनाचं?” ते विचारत, आणि स्वतःच उत्तर देत. “मॅनेजर बिचारा चांगला मानूस, पन त्याच्या तोंडात दोष होता. र निंगेच नाई. काही लेकरं जन्मतात तशी. कोनी बोलून दाखवत नोहतं, मोठा मानूस म्हनून. वेल्सवाल्याचं गानं होतं. भाषेले हाड पाह्यजे, नागोसेभाऊ. र म्हंजे हाड. ते म्याकी साहेबापाशी होतं.”

खाणीतल्या हेडक्लार्कनं मॅनेजरचं ऐकून र गिळायला सुरुवात केली, तेव्हा त्याच्या बायकोनं म्हणे लवंगेचं तेल आणून ठेवलं, दाढ ठणकते समजून. ही गोष्ट मास्तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सांगत. तर अशी समजूत. हा माणूस आयुष्यभर मानून चालला की विलायतेतलं सगळ्यात उंच इंग्रजी आपल्या तोंडात आहे, आणि लंडनचं ते व्यंग.

मग राज्यं बदलली. आमचा मुलूख मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला आणि पुण्याकडची माणसं इकडे येऊ लागली. आमच्या शाळेला सोमण सर म्हणून हेडमास्तर आले. माणूस सज्जन, काटेकोर, पांढरेशुभ्र कपडे. मराठी बोलले की वाटावं आत्ताच इस्त्री करून आणली आहे. इंग्रजीही तसंच घडी घातलेलं. नेमके त्याच साली मॅट्रिकला इंग्रजी शिकवणारे मास्तर निवृत्त झाले. ज्येष्ठतेनं वर्ग भोयरांचा. ते कोट धुऊन तयार.

सोमण सर त्यांच्या एका तासाला मागच्या बाकावर बसले. बाहेर आले आणि सगळ्यांदेखत नाही, बाजूला घेऊन, अगदी सौम्यपणे म्हणाले, “भोयर, राग मानू नका. तुमचा अभ्यास उत्तम आहे. पण उच्चार ग्रामीण आहेत. मॅट्रिकची मुलं पुढे नागपूर-मुंबईला जाणार. त्यांचं हसं होईल.”

“सर, हे उच्चार इथले नाहीत,” भोयर पुस्तकातल्या मराठीत म्हणाले. “हे विलायतेचे आहेत.”

“विलायतेत असं कुणी बोलत नाही हो.”

भोयरांनी जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. ते म्हणाले, “मग साहेबालाच विचारू.” त्या दिवसांत एका कारखान्यात मशीन बसवायला एक तरुण इंग्रज इंजिनियर आला होता. शाळेच्या संमेलनाला तोच पाहुणा ठरला होता. भोयर म्हणाले, स्वागताचं भाषण मी इंग्रजीत करतो. साहेबांनी ऐकावं आणि सांगावं. सोमण सर नाखुशीनं का होईना, हो म्हणाले. ही गोष्ट शाळा समितीत गेली, तिथून गावात गेली. मी भोयरांना म्हटलं, “भाऊ, काऊन जुगार खेळून राह्यले?” ते म्हणाले, “जुगार कायचा? साहेब आपल्याच घरचा ना.”

संमेलनाच्या दिवशी मांडवात माणूस मावत नव्हता. खुर्च्यांवर समिती, खाली सतरंजीवर पोरं, मागे आयाबाया. भोयरांनी मांडवामागं जाऊन लोट्यानं चूळ भरली ती मी पाहिली. मग ते व्यासपीठावर आले आणि बोलले. मला शब्द कळत नव्हते, पण इतकं सुंदर कधी बोलले नव्हते, एवढं सांगतो. आवाज चढत होता, उतरत होता, र खणखणत होते. ते एकट्या साहेबाकडे पाहून बोलत होते. आणि साहेब आधी चकित झाला, मग हसू लागला, मग रुमाल तोंडाला लावून हसू लागला. भोयरांना वाटलं तो खूश झाला. तेही हसले.

साहेब उठला. तो काय बोलला ते सोमण सरांनी वाक्यावाक्याला मराठीत सांगितलं. साहेब म्हणाला, हिंदुस्थानच्या जंगलात येऊन मला आमच्याकडच्या कोळसा खाणीतल्या मजुराची बोली ऐकायला मिळेल, असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. आमच्या यार्डात स्कॉटलंडचा एक म्हातारा फिटर आहे, तो हुबेहूब असा बोलतो. आम्ही सगळे त्याच्या नकला करतो. यांचं बोलणं अस्सल आहे, शंभर टक्के अस्सल. फक्त आमच्याकडे ते कुणी शाळेत शिकवत नाही. उलट तो फिटर सांगतो, लहानपणी वर्गात असं बोललं की मास्तर हातावर चामड्याचा पट्टा मारायचे.

समितीची माणसं हसली. खुर्च्यांवरून हसू सतरंजीपर्यंत आलं. साहेब काही वाईट माणूस नव्हता, त्याला वाटलं आपण गंमत सांगतो आहोत. सोमण सर मात्र हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. भोयर अजून उभेच होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, त्याच र-मध्ये. “डिड दे बीट हिम, सर्र? फॉर्र धिस?” याच्यासाठी मारायचे त्याला?

साहेबाचं हसू ओसरलं. “ऑफन, आय बिलीव्ह,” तो म्हणाला आणि खाली बसला.

मॅट्रिकचा वर्ग सोमण सरांनी स्वतःकडे ठेवला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. उन्हं कलल्यावर मी भोयरांना ओढून किल्ल्यामागं वर्धेच्या काठी नेलं. मला वाटलं अपमान गिळत असतील. जरा समजावू लागलो, तर ते माझं ऐकतच नव्हते. पाण्याकडे पाहत बसले होते. मग म्हणाले, “नागोसेभाऊ, मॅनेजर आला का म्याकी साहेब चूप होये. आता बोलत होता आन आता चूप. मी समजो, मोठ्याचा मान ठेवून राह्यला. क्लबात कधी गेला नाई. मी समजो, त्याले आवडत नसन. तो लाजे, भाऊ.”

ते कोटाच्या बाहीवरून हात फिरवू लागले.

“आपल्या बोलन्याले लाजे. ल्हानपनी मार खाल्ला असन त्यानं. एवढा मोठा साहेब, आन माया बापाच्या हातचं खाऊन, मायासारख्या पोट्ट्यासंगं बोलत बसे. दुसरं कोनी नोहतंच ना त्याले मोकळं बोलाले. जे बोलल्यानं त्याले पट्टा पडला, तेच त्यानं मले शिकवलं. मारल्याबिगर शिकवलं.” ते माझ्याकडे वळले. “म्हंजे त्याचीबी झाडीच होती.”

मग स्वतःलाच म्हणाले, “आन मी काय करून राह्यलो? लेकरायले रांजनावर धाडून राह्यलो.”

आणि हा ताठ माणूस, साहेबाच्या कोटात, नदीच्या काठी लेकरासारखा रडला. मला फार माया आली त्यांची.

सोमवारी आठवीच्या वर्गाबाहेर मी रंगाचे डबे घेऊन उभा होतो, म्हणून पुढचं पाहायला मिळालं. भोयर वर्गावर गेले, पण खिडकीतला लोटा जागचा हलला नव्हता. त्यांनी मैनीला काहीतरी विचारलं. तिच्या तोंडून घाबरून निघून गेलं, “मले येते, गुरुजी...” आणि ती आपणहूनच उठून दाराकडे निघाली.

“कुठी चालली?” भोयर म्हणाले. वर्गात त्यांच्या तोंडून ‘कुठी’ निघालेलं पोरांनी पहिल्यांदा ऐकलं.

“चूळ भराले.”

“बस. पहिले सांग तुले काय येते ते.”

ती उभ्या उभ्या बोलू लागली. आधी हळू, मग धडाधड, झाडीत. धडा अख्खा येत होता तिला. मुकी म्हणे. भोयर ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, ‘वॉटर्र’ला तुमच्या घरी काय म्हणतात. ती लाजली. मग म्हणाली, “एर.” भोयरांनी दोन-तीनदा म्हणून पाहिलं, “एर्र, एर्र.” वर्ग हसला, तेही हसले. म्हणाले, “पाहा, हिच्या भाषेतबी हाड आहे.” त्या दिवसानंतर रांजणावर पोरं फक्त प्यायला गेली, आणि लोटाही खिडकीत दिसला नाही. मास्तर तो घरी घेऊन गेले होते.

मॅट्रिकचं दुःख मात्र गेलं नव्हतं. तो वर्ग चालू असताना ते व्हरांड्यातून जाताना पाय हळू टाकत, आणि कुणी पाहिलं की भरभर चालू लागत.

पुढच्या हिवाळ्यात सोमण सरांची आई आली. कोकणातली बाई, बोलणं सगळं नाकातून, आणि हेल असा की आमच्याकडच्या पोरांनी पहिल्याच दिवशी नकला सुरू केल्या. सोमण सर कानकोंडे झाले. मी हजेरीच्या कामासाठी त्यांच्या घरी गेलो होतो तेव्हा ते आईला म्हणताना ऐकलं, “आई, हळू. बाहेर फार बोलत जाऊ नकोस.” ती बिचारी पडवीत एकटी तांदूळ निवडत बसायची.

मी हे भोयरांना सांगितलं. दुसरा कुणी असता तर टाळी दिली असती. भोयर संध्याकाळी मला घेऊन तडक त्या पडवीत गेले आणि खाली बसकण मारली. “आजीबाई, तुमच्याकडं भाताचे किती वान पिकतात?” झालं. कोकण आणि झाडी, दोघंही भात खाणारे. ती नाकातून बोलत होती, हे झाडीतून, आणि दोघांचं मजेत चाललं होतं. बोलता बोलता ती म्हणाली, “आमचा बाबू पुण्यास शिकायला गेला ना, तेव्हा पोरं फार हसत हो त्याच्या बोलण्याला. मला कधी काऽही म्हणून सांगितलंन नाही. पण सुट्टीत घरी आला की मागल्या दारी विहिरीकडे जाऊन एकटाच बोलत बसायचा. नाक चिमटीत धरून. मी पाहिलंय.”

दारात सोमण सर उभे होते. केव्हापासून होते कोण जाणे. भोयरांनी त्यांना पाहिलं आणि जणू पाहिलंच नाही असं करून म्हणाले, “आजीबाई, तुमचं बोलनं लय गोड आहे. रोज येत जाईन मी आइकाले.” आणि खरोखरच गेले, ती होती तोवर.

त्यानंतर एक बदल झाला. सोमण सर आईला घेऊन संध्याकाळी रस्त्यानं फिरायला निघू लागले. ती मोठ्यानं बोलायची, आणि ते मोठ्यानं उत्तर द्यायचे, कधीकधी थोडं नाकातून.

जूनमध्ये शाळा उघडली. सोमण सर स्टाफरूममध्ये आले आणि मॅट्रिकचं इंग्रजीचं पुस्तक त्यांनी भोयरांच्या पुढ्यात ठेवलं. “मॅट्रिक तुम्ही घ्या, भोयर. आणि र तसाच राहू द्या.” भोयरांनी पुस्तक कपाळाला लावलं. पहिला तास होता म्हणून ते लगबगीनं उठले, सवयीनं खिडकीकडे वळले, तिथं लोटा नाही हे आठवलं, आणि आपल्याशीच हसत वर्गावर गेले.

निवृत्तीपर्यंत मग मॅट्रिक त्यांच्याकडेच राहिलं. ते पोरांना तिन्ही साहेबांचं इंग्रजी बोलून दाखवत आणि म्हणत, ज्याले जे जमन ते घ्या, पन कोनाले हासू नका. शेवटच्या वर्षी त्यांच्या वर्गात मैनी होती. ती पास झाली, आणि नर्सिंगसाठी नागपूरला जायची ठरली. तोवर जंगलातल्या तिच्या गावची एकही पोरगी एवढ्या लांब गेली नव्हती.

तिला पोचवायला आम्ही स्टेशनवर गेलो. भामरागडहून बाप आला होता, खाकी कपड्यांत, हातात तिचं गाठोडं. मैनी डब्यात बसली होती, रडवेली. म्हणाली, “गुरुजी, तिथी लोक माया बोलन्यावर हासतीन.”

“हासतीन,” भोयर म्हणाले. “मायावर त साहेब हासला, भर मांडवात. मी मेलो का?”

तिला जरा हसू आलं. शिट्टी झाली. भोयरांनी कोट नीट केला, हनुवटी वर केली आणि सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “ये’ल डू, मैनी.” इतक्या वर्षांत त्यांनी हे कुणालाही म्हटलं नव्हतं. मलाही नाही.

गाडी हलली आणि मग त्यांना एकदम काहीतरी आठवलं. काखेतल्या पिशवीत हात घालून त्यांनी तो पितळी लोटा काढला, तोंडावर फडकं बांधलेला, काठोकाठ भरलेला. त्या कोटात, त्या वयात, ते गाडीबरोबर धावले. पाणी बाहीवर सांडत होतं. खिडकीतून मैनीनं दोन्ही हातांनी लोटा घेतला.

“पिवाले आहे,” धापा टाकत ते म्हणाले. “पिवाले आहे, बाई. चूळ भराले नाई.”